इन्सुल्त म्हणजे अपमान नव्हे

अमेरिकेतल्या रेडमंडला मराठी घरात दहा माणसं जमली की नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या टीममध्ये?" माझे यजमान श्रीकांत सॉफ्टवेअरमध्येच होते, त्यामुळे त्यांचं उत्तर तयार असायचं. माझी पाळी आली की मी सांगायची, "मी रशियन दुभाषी आहे. हॉस्पिटलांमध्ये काम करते." एका काकांनी त्यावर "बरं बरं, काहीतरी चालू ठेवलेलं चांगलं" असं म्हणून माझं सांत्वन केलं होतं.

मी तरुण होते तेव्हा पुण्यात रशियन शिकायची लाट होती. वर्गाची फी नगण्य आणि पुस्तकं त्याहून स्वस्त, जाडजूड, उत्तम बांधणीची. आमच्या वडिलांचं मत असं की पोरगी फ्रेंच शिकली तर फार तर हॉटेलच्या काउंटरवर उभी राहील, रशियन शिकली तर कारखान्यात खुर्ची मिळेल. ती मिळालीही. पिंपरीच्या एका कारखान्यात मी काही काळ लेथ मशीनची रशियन माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत आणत बसले. मग लग्न, अमेरिका, मुलगी. मुलगी शाळेत जायला लागली तोवर आमच्या भागात रशियन बोलणारी शेकडो कुटुंबं येऊन स्थिरावली होती. दवाखान्यांना दुभाषी हवे होते. मी परीक्षा दिली, पास झाले, आणि मागच्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं.

बाहेरच्यांना वाटतं, दोन भाषा आल्या की दुभाषी झालं. तसं असतं तर आमची मुलगी रुचा, जी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, जगातली पहिल्या दर्जाची दुभाषी ठरली असती. ह्या कामाचे नियम कडक आहेत. रुग्णाच्या थोडं मागे बसायचं. जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, त्यात घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही. रुग्ण म्हणाला "माझं पोट दुखतं" तर आपणही "माझं पोट दुखतं" असंच म्हणायचं, "त्यांचं" नाही. रुग्णाशी गप्पा मारायच्या नाहीत, सल्ला द्यायचा नाही. ऐकलेलं घरी न्यायचं नाही. हा शेवटचा नियम मी आजही पाळतेय. इथे नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असं बरंच काही बदललं आहे. ज्यांच्याबद्दल लिहितेय ते दोघंही आता हयात नाहीत.

आधी भाषेबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रशियनची भीती माझी पहिल्याच महिन्यात गेली, कारण अर्धं सामान घरचं निघालं. बाजाराला बझार, साखरेला साखर, चहाला चाय, संदुकीला सुंदूक, खजिन्याला कझ्ना, खंजिराला किंझाल. मी आमच्या बाईंना विचारलं होतं, "हे आपल्याकडून तिकडे गेलं की तिकडून इकडे आलं?" बाई म्हणाल्या, "बरंचसं दोघांनीही तिसऱ्याकडून उसनं आणलं आणि दोघांनीही परत केलं नाही." तातारांकडून, इराण्यांकडून आलेले शब्द निराळे. त्यावर जर्मन लोकांकडून कारागिरीचे शब्द आले, फ्रेंचांकडून सरदारांच्या दिवाणखान्यातले आले, आणि लॅटिनमधून डॉक्टरांचे. हल्ली इंग्रजीतून रोज येतात. आमच्या इथली रशियन आजी खुशाल म्हणते, "अपोइंतमेंत झाकेन्सेलिला", म्हणजे अपॉइंटमेंट कॅन्सल केली. हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटायचं. आम्ही तरी वेगळं काय करतो?

गंमत अशी की उसना शब्द नव्या घरी गेला की त्या घराचं वळण उचलतो. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शब्द एकच, संस्कृतातला. नागपूरकडची माझी मैत्रीण सांगते की तिच्या पुणेरी सासूबाई 'शिक्षा मंत्रालय' अशी पाटी वाचून बराच वेळ हसत होत्या. रशियन आणि इंग्रजीत असे सारखे दिसणारे फसवे शब्द ढिगाने आहेत. रशियन 'मगझिन' म्हणजे मासिक नव्हे, दुकान. 'फमीलिया' म्हणजे कुटुंब नव्हे, आडनाव. आणि 'अंगीना' म्हणजे घसा सुजणं. एकदा एक आडदांड ट्रक ड्रायव्हर हृदयाच्या डॉक्टरांना मोडक्या इंग्रजीत मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता की त्याला सहा वर्षांचा असल्यापासून दर हिवाळ्यात अंगीना व्हायचा. डॉक्टरांनी अंजायना ऐकला, म्हणजे हृदयाचं दुखणं. ते खुर्चीतून उठलेच. मी खुलासा केला तेव्हा तिघंही हसलो.

लीदिया पावलोव्ना आणि त्यांचे यजमान गेन्नादी युद्ध पेटल्यावर खार्किवहून इथे आले. दोघंही सत्तरीच्या आसपासची. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, ते यंत्रांचे आराखडे काढायचे. रशियन ही त्यांची घरची भाषा. मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते गेन्नादींचा रक्तदाब तपासायच्या वेळी. डॉक्टर बाहेर गेल्यावर लीदिया पावलोव्ना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं नाव काय? वडिलांचं?" मी सांगितलं, सुनंदा, वडील वामन. "सुनंदा वामनोव्ना," त्या म्हणाल्या, आणि मान हलवून ते नाव मंजूर केलं. रशियनमध्ये आदराने हाक मारायची तर नावाला वडिलांचं नाव जोडतात. लग्नानंतर माझ्या नावातून गेलेले वडील असे अचानक परत आले, आणि मला ते आवडलं, हे कबूल करायला हवं.

त्यांची भाषा फार नेटकी होती. दुखण्याबद्दलही त्या शिक्षिकेसारख्या बोलायच्या. 'सिम्प्टोम', 'दिनामिका', 'प्रोफिलाक्तिका', असे सगळे डॉक्टरी शब्द. मी गमतीने म्हटलं होतं की तुमचं बोलणं मला भाषांतरच करावं लागत नाही. "कसं करावं लागेल?" त्या म्हणाल्या. "हे शब्द आंतरराष्ट्रीय असतात. सल्फेट खार्किवमध्येही सल्फेट, इथेही सल्फेट." त्या ग्रंथालयातल्या इंग्रजीच्या मोफत वर्गाला जायच्या. वर्गातली बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, घाबरू नका, तुम्हाला निम्मं इंग्रजी आधीच येतं, डॉक्टर, टेलिफोन, हॉस्पिटल. लीदिया पावलोव्नांनी ते मनावर घेतलं होतं.

गेन्नादींचा धाकटा भाऊ सीमेच्या पलीकडे, रशियात राहायचा. युद्धाबद्दल दोघांची मतं उलट. फोनवर रोज भांडण आणि तरी रोज फोन. एका सकाळी असंच भांडण झालं. भाऊ असं काहीतरी म्हणाला की गेन्नादींनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळाने लीदिया पावलोव्ना चहा घेऊन आल्या तर त्यांचा उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

लीदिया पावलोव्नांच्या आईला हेच झालं होतं. पाहताक्षणी त्यांनी ओळखलं. हे मला मुद्दाम सांगायचंय. ह्या बाईने पहिल्याच मिनिटाला अचूक निदान केलं होतं.

निर्वासितांच्या स्वागताच्या कार्यक्रमात त्यांना सांगितलं होतं की आजारपणात आधी दवाखान्याच्या नर्सच्या नंबरवर फोन करा, काय करायचं ते ती सांगेल. त्यांनी तो नंबर फिरवला. पुढचं बोलणं मला नंतर कळलं, कारण असे फोन रेकॉर्ड होतात.

नर्सने विचारलं, "डू यू नीड ॲन इंटरप्रिटर?"

"नो, नो. क्विक, प्लीज. माय हजबंड, इन्सुल्त. बिग इन्सुल्त."

रशियनमध्ये इन्सुल्त म्हणजे पक्षाघात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झडप, हल्ला. रशियनने त्यातून मेंदूवर आलेली झडप घेतली. इंग्रजीने माणसाने माणसावर घातलेली घेतली, इन्सल्ट, अपमान.

"समबडी इन्सल्टेड हिम?" नर्सने विचारलं.

लीदिया पावलोव्नांना त्यातला ओळखीचा शब्द ऐकू आला. "येस. येस. इन्सुल्त."

"वॉज देअर अ फाइट?"

"येस. मॉर्निंग. टेलिफोन. ब्रदर." त्यांना वाटलं, हे कशाने झालं ते विचारतायत.

"इज ही टॉकिंग टू यू?"

"नो. नॉट टॉकिंग."

बोलत नाही. मराठीतही तसंच आहे. नवरा बोलत नाही म्हणजे त्याची वाचा गेली की तो रुसला, ते नुसत्या वाक्यावरून कळत नाही. नर्सने दुसरा अर्थ घेतला. भावाने फोनवर अपमान केला, म्हातारा घुम्यासारखा बसलाय, बायको घाबरलीय. युद्धातून आलेल्या माणसांचे असे फोन तिला रोज यायचे. तिने मायेने सांगितलं की त्यांना शांत बसू द्या, बोलायचा आग्रह करू नका, पाणी द्या, उद्या आमची समुपदेशक फोन करील. लीदिया पावलोव्नांना 'रेस्ट' आणि 'कॉल' एवढं समजलं. वैद्यकीय माणसाने सांगितलंय म्हणजे तसंच करायचं, ह्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी गेन्नादींच्या अंगावर पांघरूण घातलं, समोर स्टूल घेऊन बसल्या आणि कोणी तरी येईल म्हणून वाट पाहिली.

संध्याकाळी शेजारच्या झोया नावाच्या बाई सहज डोकावल्या. त्या इथे पुष्कळ वर्षं राहिलेल्या. त्यांनी खुर्चीकडे एकदा बघितलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारं औषध देतात, पण ते पहिल्या काही तासांतच. ते तास निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. मेंदूच्या डॉक्टर, एक पन्नाशीच्या शांत बाई, लीदिया पावलोव्नांना विचारत होत्या की लक्षणं कधी सुरू झाली, आणि त्यांनी इतक्या उशिरापर्यंत कोणाला कळवलं का नाही. आवाजात दोष देणं नव्हतं, पण प्रश्न तोच होता.

"उशिरा?" लीदिया पावलोव्ना म्हणाल्या. "मी लगेच फोन केला. लगेच सांगितलं, इन्सुल्त झालाय. इंग्रजीत सांगितलं."

मी तोंड उघडलं आणि थांबले. काय झालं असणार ते मला संपूर्ण दिसलं, नर्सचा प्रश्नसुद्धा. आमच्या नियमांत एक सवलत आहे. शब्दामुळे गैरसमज झाला असेल तर दुभाषी तसं सांगू शकतो, दोन्ही बाजूंना. मी आधी वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मग म्हटलं, "आता दुभाषी स्वतः बोलतेय. रशियनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ स्ट्रोक असा होतो."

डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

लीदिया पावलोव्नांनाही मी तेच सांगायला हवं होतं. मी रशियनमध्ये म्हटलं, "मी डॉक्टरांना शब्दाचा अर्थ समजावला." खरं होतं ते. त्यांनी मान डोलावली. दुभाषी अवघड शब्दांचे अर्थ समजावतात, त्यात विशेष काही नाही, असं त्यांना वाटलं असावं.

काही दिवसांनी हॉस्पिटलने बैठक बोलावली. एक छोटी खोली, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि रुमालांचा खोका. डॉक्टरबाई होत्या, हॉस्पिटलच्या व्यवस्थापनातले एक गृहस्थ होते. झोया बाहेर बसल्या होत्या. रेकॉर्डिंग ऐकून झालं होतं. डॉक्टरबाई आडवळणं न घेता बोलल्या. मी ते रशियनमध्ये सांगत गेले.

"तुम्ही फोनवर इन्सुल्त म्हणालात. आमच्या नर्सला अपमान असं ऐकू आलं. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ अपमान आहे. म्हणून तिने ॲम्ब्युलन्स पाठवली नाही. त्यामुळे औषधाची वेळ गेली."

रशियनमध्ये अपमानाला स्वतंत्र शब्द आहे, त्यामुळे वाक्य अगदी स्वच्छ झालं. कुठे अडखळायला जागाच नव्हती.

लीदिया पावलोव्ना म्हणाल्या, "नाही समजलं. पुन्हा सांगा."

डॉक्टरबाईंनी पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा सांगितलं.

"पण तो लॅटिन शब्द आहे," त्या म्हणाल्या. वर्गात चुकीचं उत्तर आलं तर ज्या आवाजात बोलत असतील त्या आवाजात. "लॅटिन शब्द सगळीकडे सारखे असतात."

"हा सारखा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मग मीही तेच म्हणाले.

"म्हणजे माझ्यामुळे."

"नाही. चूक आमची आहे. तुम्ही नको म्हणालात तरी आम्ही दुभाषी बोलवायला हवी होती. तुमचं काहीही चुकलेलं नाही."

हे मी सांगितलं, जितक्या नीट सांगता येईल तितक्या नीट. 'चूक आमची आहे' हे माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात गेलं, कारण नियम तो आहे. पण त्या डॉक्टरबाईंकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं. "ह्या शब्दाचं?"

मी डॉक्टरबाईंना इंग्रजीत सांगितलं की बाई दुभाषीला विचारतायत की हे तिला आधीपासून माहीत होतं का. डॉक्टरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "उत्तर द्या, हवं तर."

"हो," मी म्हटलं. "आमच्या प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," लीदिया पावलोव्ना म्हणाल्या. "फक्त मला नव्हतं."

त्या रडल्या नाहीत. व्यवस्थापनाच्या गृहस्थांनी पुढे तक्रार कशी करता येईल, वकील कसा घेता येईल हे सगळं सांगितलं. मी ते सगळं भाषांतरित केलं. त्यांनी त्यातलं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पुढे त्यांनी कुठलीही तक्रार केली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात आमची कामं वाटून देणारी मार्था मला म्हणाली, "सुनंदा, त्या लीदियाबाई. त्यांनी दुसरी इंटरप्रिटर मागितलीय. इट्स नॉट अ कम्प्लेंट. म्हणाल्या, काम चांगलं करते, पण तो आवाज नको."

रुग्णाला तो हक्क आहे. मी "ठीक आहे" म्हटलं आणि पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसून राहिले. बातमी डॉक्टरांची होती, पण रशियनमध्ये ती ज्या आवाजात पोचली तो माझा होता. त्या ज्या भाषेत जगल्या, त्या भाषेत 'औषधाची वेळ गेली' हे वाक्य त्यांना फक्त मी सांगितलं होतं.

घरी श्रीकांत म्हणाले, "काय झालं?" सांगता येत नव्हतं. "काही नाही, दमले." रुचाने सुट्टीत आल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, "आई, आर यू ओके? यू शुड टॉक टू समवन." दिवसभर मी त्याशिवाय दुसरं काय करते, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

गेन्नादी नर्सिंग होममध्ये गेले. त्यांची वाचा परत आली नाही. सहकारी दुभाषी नताशाकडून कानावर यायचं की बाई रोज बसने येतात, दिवसभर शेजारी बसतात, फारसं बोलत नाहीत. हिवाळ्यात, इथल्या न थांबणाऱ्या पावसात, त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

दरम्यान हॉस्पिटलने मला फोनवरच्या नर्सेसना शिकवायला बोलावलं होतं. अशा फसव्या शब्दांबद्दल मी त्यांना सांगितलं, रशियनच नव्हे, स्पॅनिशचे, इतर भाषांचेही. वर्ग संपल्यावर मागच्या रांगेतली एक तरुण बाई थांबली. गळ्यातलं ओळखपत्र ती सारखं पालथं-सुलटं करत होती. म्हणाली, "तो फोन मी घेतला होता."

"मी विचारलं होतं, बोलतायत का म्हणून," ती म्हणाली. "त्या नाही म्हणाल्या. मला वाटलं, बायकोशी बोलत नाहीयेत. माझे वडील असेच करायचे. दिवस दिवस." मग तिने विचारलं, "पुन्हा असं झालं तर मी काय विचारू?"

"शब्दाचा अर्थ विचारू नका," मी म्हटलं. "शरीर काय करतंय ते विचारा. दोन्ही हात वर होतात का, ते विचारा."

तिने मान हलवली. हे तिला माहीत होतंच. प्रत्येक नर्सला माहीत असतं. काही महिन्यांनी तिने ते काम सोडल्याचं कळलं.

माझं निवृत्तीचं वर्ष होतं. एका सकाळी मार्थाचा फोन आला. नताशाची गाडी वाटेत बंद पडलीय, रुग्ण येऊन बसलाय, बातमी फोनवरच्या दुभाषीकडून द्यावी अशी नाही. "त्या लीदियाबाई आहेत," ती म्हणाली. "मी त्यांना विचारलंय. म्हणाल्या, येऊ दे."

त्या खूप वाळल्या होत्या. मी नियमाप्रमाणे त्यांच्या थोडं मागे बसले. त्यांनी मान वळवून एकदा पाहिलं, नमस्कारादाखल डोळे मिटले आणि पुढे बघायला लागल्या. डॉक्टर तरुण होते, त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले आणि मी सांगायला लागले. पाच-सहा उत्तरांनंतर मला जाणवलं की काहीतरी विचित्र होतंय.

मी विचारत होते 'तेम्पेरातूरा' आहे का. त्या सांगत होत्या, "अंग तापतं." मी 'अपेतीत' म्हणत होते. त्या म्हणत होत्या, "खावंसं वाटत नाही." पूर्वी कधी 'ओपेरात्सिया' झालं होतं का, ह्यावर त्या म्हणाल्या, "मला एकदा कापलं होतं, मुलाच्या वेळी." मूल जगलं नव्हतं, ते त्यांनी पुढच्या वाक्यात सांगितलं. डॉक्टर थोडे बिचकले. 'तब्लेत्की' नाही, औषध. 'अनालिझी' नाही, रक्त बघितलं. ज्या बाईच्या तोंडी सिम्प्टोम आणि दिनामिका असायचं, ती बाई आता एखाद्या खेड्यातल्या आजीसारखी बोलत होती. बाहेरून आलेला एकही शब्द त्या वापरत नव्हत्या. सोवळ्यात वावरावं तशा त्या आपल्याच भाषेत अंग चोरून वावरत होत्या. भातातले खडे वेचावेत तसे त्यांनी शब्द वेचून बाहेर टाकले होते.

डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले, "त्यांचं शिक्षण किती झालंय? जरा सोपं करून सांगा."

हेही भाषांतरित करायचं असतं. मी केलं. लीदिया पावलोव्ना म्हणाल्या, "सांगा त्यांना, मी शिक्षिका होते. मी मुद्दाम असं बोलते."

डॉक्टरांना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली. अहवाल आला होता. त्यांनी तो शब्द उच्चारला, कॅन्सर.

आता माझ्यापुढे दोन शब्द होते. रशियन लोक हल्ली ह्या आजाराला 'ओंकोलोगिया' म्हणतात. ग्रीकवरून आलेला, लांबलचक, मऊ शब्द. रुग्णाच्या घरची माणसं मला आधीच बाजूला घेऊन सांगतात, तेवढं म्हणा, दुसरं म्हणू नका. दुसरा शब्द 'राक'. तो जुना, घरचा, दोनच अक्षरांचा. राक म्हणजे नदीतला नांग्यांचा खेकडा.

मी राक म्हटलं.

लीदिया पावलोव्नांनी खुर्ची वळवली. रुग्णाने दुभाषीकडे तोंड करून बसायचं नसतं, पण त्या बसल्या.

"ते काय म्हणाले? त्यांच्या भाषेत?"

"कॅन्सर."

"त्या शब्दाचा अर्थ तोच?"

"तोच."

"नीट सांगा. दोन्हीकडे तोच?"

"दोन्हीकडे," मी म्हटलं. "त्यांचा शब्दही मुळात खेकडाच. माझ्या भाषेतही खेकड्यावरूनच आहे. ह्यात दुसरा अर्थ कुठेच नाही."

डॉक्टर आमच्या दोघींकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं की बाई शब्दाची खात्री करून घेतायत. ते म्हणाले, "टेक युअर टाइम."

लीदिया पावलोव्नांनी हात मांडीवर एकावर एक ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटका म्हणावं की काय, मला आजही ठरवता येत नाही.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता पुढचं सांगा."